सात नंबरच्या बसमधली अमेरिका

मच्याडो बाईंनी अमेरिका पाहिलेली नव्हती. वसईहून मुंबई, मुंबईहून दुबई आणि दुबईहून दीड तास वाळूतून अल ऐन, एवढाच त्यांचा प्रवास. तरी आमच्या शाळेत अकरावीच्या मुलांना अमेरिकेचं सरकार कसं चालतं हे त्याच शिकवायच्या. शाळा अमेरिकन पद्धतीची, म्हणून विषय सक्तीचा. आधी त्याला खरोखरीचा अमेरिकन मास्तर होता. तो नाताळच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही. मग प्रिन्सिपॉलनी स्टाफरूममध्ये विचारलं, हा विषय कोण घेईल? ते लेबनानी, आम्ही सगळे त्यांना मुदीर म्हणायचो. बाई तेव्हा सहावी-सातवीला इंग्रजी शिकवत होत्या. त्यांनी हात वर केला.

"मी म्हटलं, आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची मीटिंग ज्याला कळली त्याला कुठलंही सरकार कळेल," असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

पहिल्याच वर्षी वर्गात जो एकुलता एक अमेरिकन मुलगा होता, हॉस्पिटलमधल्या डॉक्टरचा, तोच त्यांच्याकडे नापास झाला. त्याचा बाप भेटायला आला. बाईंनी त्याच्यापुढे मुलाचा पेपर ठेवला आणि म्हणाल्या, आधी तुम्ही सोडवून बघा. असं स्टाफरूममधली माणसं सांगतात. मी काही तिथे नव्हतो, पण बाईंना ओळखतो, त्यामुळे मला खरं वाटतं.

मी त्या शाळेत ड्रायव्हर. बस नंबर सात. राजापूरकडचा. आठवीत शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, मग एजंटाच्या पाया पडून इथे. माझ्या एका विझावर गावची पाच माणसं उभी होती. त्यामुळे मी फार सांभाळून राहायचो. मुदीरच्या ऑफिसवरून जाताना मी चपला वाजू द्यायचो नाही.

बाईंचा स्टॉप माझ्या रूटवर पहिला. सहाला दहा कमी असताना त्या घड्याळाच्या चौकाजवळ उभ्या असायच्या. एका हातात बिनसाखरेच्या काळ्या चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात विटेसारखं जाड पुस्तक, डोक्यावर चार घड्या केलेला रुमाल. गाडीत चढल्या की थेट माझ्या मागच्या सीटवर. पहिलं पोर चढायला त्यानंतर वीस मिनिटं असायची. ती वीस मिनिटं माझी शाळा.

त्याचं असं झालं. पहिल्या आठवड्यातच त्यांनी विचारलं, "कुठला तू?"

"राजापूर, मॅडम."

"मॅडम म्हणणारे इथे दोनशे आहेत. तू बाई म्हण. बरं, शिक्षण?"

"आठवी." मी आरशात बघायचं टाळलं.

"छान! म्हणजे तुझ्या डोक्यात काही चुकीचं भरलेलं नाही. ऐक, आजचा धडा तुला सांगते. तुला समजला तर अकरावीला समजेल."

तेव्हापासून रोज. त्या दिवशी वर्गात जे शिकवायचं ते आधी मला, मराठीत. मी रस्त्यावर डोळे ठेवून मान हलवायचो आणि बाई आरशातून माझी मान बघायच्या.

"ही खोटी मान होती, दत्ताराम."

"नाही बाई."

"समजलेली मान हळू हलते. ही भराभर हलली. परत सांगते."

एकदा त्यांनी सांगितलं की त्या सरकारात तीन जण असतात. एक कायदा करतो, एक तो राबवतो, एक तपासतो. आणि तिघांच्याही पायाखाली एकेक ब्रेक. कोणीही फार सुटला की दुसरा दाबतो.

मी म्हटलं, "बाई, तिघांच्या पायाखाली ब्रेक, मग गाडी पुढे जाणार कशी?"

आरशात पाहिलं तर बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. दुपारी सुदानी यासिर बसमध्ये चढला. अकरावीतला, उंच, सारखा खात असलेला. म्हणाला, "अंकल, आज मिसने आम्हाला एक डिफिकल्ट क्वेश्चन दिला. माय कलीगने विचारला म्हणाली. ब्रेक का क्वेश्चन." त्याचं हिंदी आणि इंग्लिश एकाच वाक्यात फिरायचं.

कलीग म्हणजे काय ते मला माहीत होतं. ऑफिसात एकमेकांना म्हणतात तो शब्द. मी त्या दिवशी दोन वळणं जरा मोठी घेतली.

बाईंना काहीही खरं वाटायला दोन प्रश्नांची उत्तरं लागायची. हे कोणी ठरवलं? आणि त्याला कोण विचारू शकतं? कँटीनमध्ये समोसे बंद झाले तरी हेच, गॅदरिंगची तारीख बदलली तरी हेच. मुदीर त्यांना येताना बघून फोन कानाला लावायचे, असं त्यांची सेक्रेटरी सांगायची. पण मुदीर माणूस वाईट नव्हता. बाईंवर त्याचा विश्वास होता, फक्त वेळ नव्हता.

दोन हजार साली ऑक्टोबरात सहलीचा विषय निघाला. दुबईचा समुद्र की इथलाच जेबेल हफीतचा डोंगर? मुदीर म्हणाले, पोरांनी मत द्यावं. बाईंनी ते मतदान आपल्याकडे मागून घेतलं. नियम असा केला की प्रत्येक बस हे एक राज्य. बसमध्ये ज्याला जास्त मतं, अख्खी बस त्याची. सात बस, ज्याला जास्त बस मिळतील तो जिंकला.

माझ्या बसमध्ये डोंगर दोन मतांनी आला. अशाच आणखी चार बसमध्ये डोंगर थोडक्यात आला. उरलेल्या दोन बस जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या समुद्राच्या. सगळी मतं एकत्र मोजली तर समुद्र कितीतरी पुढे. आणि सहल डोंगरावर.

शाळेत नुसता गोंधळ. अकरावीत हेसा नावाची इमाराती मुलगी होती. पायघोळ काळ्या अबायाची कड सावरत चालायची आणि वकिलासारखी बोलायची. ती बसच्या पायरीवर उभी राहून बाईंशी भांडली. "मिस, धिस इज हराम! मोअर पीपल वाँट सी!"

"येस," बाई शांतपणे चहा ओतत म्हणाल्या, "नाऊ राइट मी टू पेजेस. व्हाय वुड एनीबडी मेक सच अ रूल?"

तीन नंबरचा ड्रायव्हर गुल खान, आमचा पठाण, माझ्या कानाशी लागला. "ये कैसा हिसाब है, दत्ता भाई? हमारे गाँव में तो इस पे बंदूक निकल आता."

सहल डोंगरावर गेली, गरम पाण्याच्या झऱ्यात पोरं पाय सोडून बसली आणि विसरली. पण पुढच्याच महिन्यात खऱ्या अमेरिकेत निवडणूक झाली आणि मोजणी संपेना. एकूण मतं एकाला जास्त, पण राज्यांच्या हिशोबात दुसरा पुढे. एका सकाळी हेसाच्या घरापुढे बस थांबली, ती चढली, आणि दप्तर खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "मिस! दे हॅव द बस प्रॉब्लेम!" बाई इतक्या हसल्या की थर्मासचं झाकण सीटखाली गेलं.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण त्यात मी चुकलो.

बाईंनी वर्गात खरे कायदे करायला लावले होते, शाळेपुरते. आमच्याकडे वरच्या वर्गांत मुलगे आणि मुली वेगळे बसायचे. मग मुलग्यांचा वर्ग एक सभागृह, मुलींचा दुसरं. एकाने मांडायचं, कमिटीत घासायचं, मंजूर करायचं, मग दुसऱ्याकडे. दोन्हीकडे पास झालं की कागद राष्ट्राध्यक्षाकडे, म्हणजे मुदीरकडे. मुदीर गंमत म्हणून हो म्हणाले होते. त्यांना पटलं तर सही, नाहीतर दहा दिवसांत परत. आणि परत पाठवताना नुसतं 'नाही' लिहून चालणार नाही, कारण लिहून द्यायचं, ही बाईंची अट. अमेरिकेतही तसंच आहे म्हणाल्या. मुदीरनी पहिले दोन कागद 'नो' लिहून पाठवले. बाईंनी ते कारण लिहायला जागा ठेवून पुन्हा नेऊन दिले. तिसऱ्यापासून ते निमूट लिहू लागले.

हे कागद ऑफिसात न्यायचं काम माझ्याकडे होतं. दहा वाजता बसची हजेरी द्यायला मी जायचोच. बाई पाकीट कधी चिकटवत नसत. कायद्याचा कागद झाकायचा नसतो, म्हणायच्या.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. तिथला मे म्हणजे सकाळी नऊलाच स्टिअरिंगला फडकं लावून हात लावायचा. मुलं सोडली की दुपारी दोनपर्यंत आम्ही सात ड्रायव्हर मैदानामागच्या पार्किंगमध्ये. आमची रूम लांब सनाइयात, कारखान्यांच्या भागात. जाऊन येणं परवडत नसे, आणि उभ्या बसचा एसी चालू ठेवायला मनाई. आम्ही बसच्या पोटाखाली पुठ्ठे टाकून आडवे व्हायचो. सूर्य सरकेल तसं सरकायचं. एक दिवस यासिर विसरलेले बूट घ्यायला मधल्या सुट्टीत आला आणि वाकून बघतो तर चाकांच्या मध्ये आम्ही ओळीने.

"अंकल, यू स्लीप हिअर?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "एसी है बेटा, नॅचरल. ऊपर सीट पे पानी डालो तो छन् बोलता है, डोसा बनता है."

पंधरा दिवसांनी बाईंनी पाकीट दिलं. मी कधी वाचत नसे. इंग्रजी मला एकेक अक्षर लावून येतं. पण त्या दिवशी जिन्यात कागद अर्धा बाहेर आला आणि त्यावर मला माझं नाव दिसलं. दत्ताराम. बस सेव्हन. मी भिंतीला टेकलो आणि अक्षरं लावत बसलो. ड्रायव्हर लोकांना दिवसा जिम उघडून द्या, अशी मागणी. त्यात 'वी डिमांड' असा शब्द. आणि बस सातचा ड्रायव्हर दत्ताराम सांगतो की त्याच्या सीटवर डोसा बनतो.

आधीच्या कंपनीत एकाने प्यायच्या पाण्याबद्दल तक्रार केली होती. तिसऱ्या दिवशी तो विमानात होता. खलास. त्याची चादर दोरीवर वाळत राहिली होती. मला ती चादर दिसायला लागली.

मी ऑफिसात हजेरी दिली. पाकीट दिलं नाही. बसमध्ये येऊन प्रथमोपचाराच्या पेटीत, बँडेजच्या खाली ठेवलं. तिथे कोणी हात घालत नाही.

नऊ दिवस मी त्या पेटीकडे पाठ करून गाडी चालवली. बाई रोज सकाळी धडा सांगायच्या आणि मी मान भराभर हलवायचो. त्यांनाही काही खटकत असणार. दहाव्या दिवशी त्या मुदीरकडे विचारायला गेल्या. मुदीर म्हणाले, कुठला कागद? मग बाई भर उन्हात, डोक्यावरचा रुमाल धरून, मैदान ओलांडून पार्किंगमध्ये आल्या. मला बसच्या खालून बाहेर यावं लागलं.

"दत्ताराम, कागद कुठाय?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण पेटीच उघडली.

बाईंनी पाकीट घेतलं. आत कागद आहे ना ते बघितलं.

"रागावलात, बाई?"

"हो. पण ते नंतर. कागद अडवायचा हक्क या शाळेत एकाच माणसाला आहे. आणि त्यालासुद्धा का अडवला ते लिहून द्यावं लागतं. तू अडवलास. मग तूही लिहून दे."

"बाई, मला आता लिहिता नाही येत."

"मराठीत लिही. वाचणारी मी आहे."

"माझी नोकरी जाईल, बाई."

"हेच लिही."

मी हजेरीच्या कागदाच्या पाठीमागे लिहिलं. दोन दिवस लागले. तो कागद माझ्याकडे नाही, पण काय लिहिलं ते पाठ आहे. लिहिलं की, एक, त्यात माझं नाव आहे ते काढावं. मी बोललो ते गमतीत बोललो. दोन, मागणी हा शब्द काढावा. मागणी करणाऱ्याला इथे परत पाठवतात. तीन, जिम पोरांची आहे, ती आम्हाला दिली तर पोरांचे आईबाप बोलतील आणि दोष आमच्यावर येईल. चार, आम्हाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सावली कुठे आहे ते सांगितलं असतं. मैदानामागे खेळाच्या सामानाची जुनी खोली आहे, तिला खिडकीचा एसी आहे, तो बंद पडून आहे. गुल खान तो दुरुस्त करेल. तुमचा नम्र. आणि सही केली नाही.

बाईंनी बसमध्येच वाचलं. एकदा वाचून पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला.

"चौथा मुद्दा," त्या म्हणाल्या, "मला सुचायला हवा होता. इतकी वर्षं शिकवतेय, कायदा कोणासाठी करताय त्याला आधी बोलवा, ऐका. आणि ऐन वेळी मीच विसरले. वर्गात वाचून दाखवू?"

"नावाशिवाय."

"नावाशिवाय. वर्गात येऊन बोलशील? तिकडे अशा माणसाला समन्स काढून बोलावतात."

मी घाबरून हात जोडले.

"मी नाही काढत रे," बाई हसल्या. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी माझं लिहिलेलं इंग्रजीत करून दोन्ही वर्गांत वाचलं. कोणाचं आहे ते सांगितलं नाही, पण यासिरला कळलंच. दुपारी तो नेहमीसारखा मागे गेला नाही. दरवाजाजवळ उभा राहिला. हातात चिप्सचं पाकीट होतं, खात नव्हता.

"अंकल, सॉरी. मैने सोचा हेल्प होगा."

"बैठ, बैठ. यल्ला, गाडी निकालनी है," मी म्हटलं.

पुढचं काम हेसाने केलं. तिने 'डिमांड' खोडला, माझं नाव खोडलं, जिम खोडून तिथे सामानाची जुनी खोली लिहिली. आणि वर एक नवीन वाक्य घातलं, जे बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी मराठीत सांगितलं: आम्हाला दोन वाजता घरी नेणारा माणूस सकाळी आठपासून उन्हात असतो, ही आमच्या सुरक्षिततेची बाब आहे. दोन्ही वर्गांत एकमताने पास.

"आता हा ड्रायव्हरांचा कागद राहिला नाही," बाई म्हणाल्या. "हा पोरांचा झाला. मुदीर पोरांच्या आईबापांना काय उत्तर देणार? ही मुलगी कुठल्या कुठे जाईल, दत्ताराम."

मग पाकीट पुढे केलं. पुन्हा माझ्याकडेच.

"बाई, दुसऱ्या कोणाकडे..."

"नेतोस की अडवतोस?"

मी नेलं. जिना चढताना चपला वाजल्या तर वाजल्या. सेक्रेटरीला दिलं आणि वळलो, तेवढ्यात आतून हाक आली. "बस सेव्हन! कम."

मुदीरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कागद त्यांच्या हातात. "यू सिट इन द सन? एव्हरी डे?"

'नो प्रॉब्लेम सर' हे शब्द माझ्या तोंडात तयारच असतात. वीस वर्षं मी तेवढंच बोलत आलोय. ते जिभेवर आलेही.

"येस सर," मी म्हटलं.

"ऑल सेव्हन?"

"येस सर. ऑल सेव्हन."

मुदीर खाली बघून लिहायला लागले. मी उभाच. बराच वेळ लिहिलं. मग हाताने 'जा' केलं.

कागद परत आला तो सहीसकट. खोली मिळेल, दहा ते दीड. स्वयंपाक नाही, सिगारेट नाही, एसी स्वतः दुरुस्त करायचा. यासिरचं तोंड उतरलं. त्याला पूर्ण दिवस हवा होता. बाई म्हणाल्या, उरलेलं पुढच्या वर्षीची अकरावी मागेल.

गुल खानने दोन दिवसांत एसी चालू केला. पहिल्यांदा गार हवा आली तेव्हा त्यातून मूठभर वाळू आणि एक मेलेला सरडा आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला कोणी विमानात बसवलं नाही. मी आजही इथेच आहे, आता दुसऱ्या शाळेत. माझी मुलगी मागच्या वर्षी बारावी झाली, आमच्या घरात पहिली.

बाई दोन हजार तीनच्या जूनमध्ये कायमच्या वसईला गेल्या. शेवटच्या दिवशी शाळेत त्यांचा निरोप झाला, केक कापला, मुदीरनी शाल दिली. शाल कुठून आणली देव जाणे. एक वाजता आमच्या खोलीचं दार वाजलं. बाई उन्हात उभ्या.

"येऊ का आत? ही खोली तुमची आहे म्हणून विचारते."

गुल खान उठून उभा राहिला. "आओ आओ, टीचर जी." त्याने एसीसमोरची त्याची खुर्ची पुसून दिली. बाई बसल्या. दोन-चार शब्द बोलल्या, आमच्या मुलाबाळांची चौकशी केली, थर्मासमधला उरलेला चहा आम्हा सात जणांना घोट घोट वाटला. मग बोलता बोलता त्यांची मान एका बाजूला कलली. मांडीवर शाल, तोंड जरासं उघडं. दोन महिने पेपर तपासून, सामान बांधून दमल्या असणार.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सात माणसं त्या खोलीत म्हणजे खोकला, खुर्च्यांचा आवाज, गुल खानचा श्वाससुद्धा वाजतो. त्यानेच आधी चपला हातात घेतल्या. मग एकेक करून आम्ही बाहेर आलो आणि शेवटी मी दार ओढून घेतलं, कडी न लावता.

भिंतीला सावली नव्हती. दीडला घंटा होणार होती, त्याला अजून वेळ होता. आम्ही ओळीने उन्हात उभे राहिलो.